वच्छलाबाईचा डंख

"आन् आत्याबाई कोन, मामाजी?" वडनेर भोलजी गाव सोडल्यापासून मंजुळा पहिल्यांदाच बोलली, सासूबद्दल का होईना, तसा पुंजाजीला हुरूप आला.

पुंजाजीला खोडच होती. गावातल्या एकेकाला तो उडणाऱ्या जिवांच्या जातीत बसवायचा. पाटील म्हणजे घार, खाली उतरली की कोणाचं तरी पिल्लू गेलंच. वसुलीला येणारा नागपूर सरकारचा साहेब म्हणजे टोळ. आणि पोटचा लेक तुळशीराम निव्वळ पारवा, घरात तोंडं वाजली की हा शेताच्या बांधाधुऱ्यावर. आजही तो तिकडेच होता, म्हणून रुसलेल्या सुनेला नांदुऱ्याच्या स्टेशनावर पोचवायचं काम म्हाताऱ्याच्या गळ्यात पडलं. शेगावला माहेरी निघालेली ही गुणाची पोर परत येते की नाही, या धास्तीनं तो वाटभर बडबडत होता.

"गांधीलमाशी," मंजुळेनं आपणच उत्तर दिलं.

पुंजाजीला वाटलं, तिचं तरी काय चुकलं? महिन्यापूर्वी तिचं तान्हं तापानं गेलं, आणि परवा चुलीपाशी सासू बोलून गेली की तुले लेकरू सांभाळता आलं नाही. असं बोलणं कोणती बाई विसरेल?

"नाई पोरी," तो म्हणाला. "गांधीलमाशी दहा डाव डसते आन् मजेत उडून जाते. मधमाशी एकच डाव डसते, काटा आपल्या अंगात राह्यते आन् तिचाच जीव जाते. तो शब्द टाकला तवापासून तुह्या सासूच्या पोटात अन्न नाई."

"मंग मले काऊन नाई बोलत?"

"तोंड नाई राह्यलं तिले. तू माफ कर असं मी म्हनत नाई. डसलं ते डसलंच."

मग नांदुऱ्याचं स्टेशन आलं.

गाडी आली. मंजुळा खिडकीशी बसली, आणि पुंजाजीनं गाठोडं आत सरकवलं. वरच फडक्यात भाकरी होत्या, पहाटे सासूनं, वच्छलाबाईनं, न बोलता बांधून दिलेल्या. मंजुळा त्या भाकरींकडे बघत राहिली. मग तिनं एक भाकर मधोमध मोडली आणि अर्धी बाहेर धरली.

"आत्याबाईले द्या. म्हना, मंजुळा तिकडे खाऊन राह्यली, तुमी इकडे खा."

गाडी हलली. घ्यायला केव्हा येऊ, हे विचारायचं राहूनच गेलं.

घरी पोचल्यावर पुंजाजीनं निरोप सांगून अर्धी भाकर बायकोच्या हातात ठेवली. तिनं ती कोरडीच खाल्ली, कण न सांडता. आणि मग नातू गेल्यापासून पहिल्यांदा ती त्याचं नाव घेऊन मोठ्यानं रडली. पुंजाजी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसला.