बायकांचं पाणी

रोज सकाळी सुताराची सून आधी स्टीलची कळशी भरायची आणि मग प्लास्टिकचं पिंप. कळशीत चौकातल्या शुद्धीकरण केंद्राचं गोड पाणी. ते घरटी एकच जार मिळे. पिंपात गल्लीच्या टोकाच्या हातपंपाचं. त्या पंपाला सरकारी माणसांनी फार पूर्वी लाल रंग फासला होता. लाल म्हणजे धुण्याभांड्याला वापरा, पिऊ नका. पुढे रंग उडाला आणि त्याबरोबर ती सूचनाही लोकांच्या डोक्यातून उडून गेली.

सुताराच्या या घरात कळशीचं पाणी पुरुषांचं आणि पाहुण्यांचं. हा नियम कोणी घातला, हे कोणालाच सांगता आलं नसतं. पूर्वी गोड पाणी लांबच्या विहिरीवरून डोक्यावर आणावं लागे, तेव्हापासूनचं हे वळण. आणायचं बायकांनी, प्यायचं पुरुषांनी.

"ते राबतात बाई," सासू म्हणायची. "आपलं काय, आपल्याला कुठलंही पचतं."

सासूला मान वळवता येत नसे. हाक मारली की ती अख्खीच्या अख्खी वळायची. "आमच्या आईला वळायला ट्रकएवढी जागा लागते," असं मुलगा म्हणायचा, आणि तीही हसायची. वात आहे, वयाप्रमाणे व्हायचंच, असं सगळ्यांनी धरून चाललेलं.

एका सकाळी तिला अंथरुणावरून उठताच येईना. सुतार आणि सून तिला रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण बोलायला गोड. एक्स-रे त्यांनी उजेडात धरून पाहिला. मग सुताराकडे वळून म्हणाल्या, "काका, तुमच्या आईंना हा त्रास कधीपासून आहे?"



"त्यांच्या आई नाहीत," सून हळूच म्हणाली. "बायको आहे."

"माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहे ती," सुतार म्हणाला. त्याची पाठ रंधा मारलेल्या लाकडासारखी सरळ होती.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी क्षमा मागितली आणि विचारलं, "घरात पाणी कुठलं पिता?"

सुनेनं सांगितलं. कळशीही सांगितली, पिंपही सांगितलं. सांगताना तिला स्वतःलाच ते पहिल्यांदा ऐकू आलं.

"त्या पंपाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असणार," बाई म्हणाल्या. "वर्षानुवर्षं पोटात गेलं की ते हाडांत बसतं, सांधे जखडून टाकतं. मुलांच्या दातांवर डाग पडतात."

सुनेच्या सात वर्षांच्या लेकीचे नवे दात तपकिरी रेघा घेऊनच आले होते. नीट घासत नाहीस म्हणून ती पोरीला रोज रागवत होती.

"औषध?" सुतारानं विचारलं.

"दुखणं कमी होईल असं देते. पण हाडं पुन्हा पहिल्यासारखी होत नाहीत, काका. घरातल्या सगळ्यांचं पाणी बदला. आता तेवढंच आपल्या हातात आहे."

त्या दिवशी सुतार जेवला नाही. कोणाच्या घरी दार केसभर तिरपं बसलं, तर त्याला रस्त्यावरून कळायचं. स्वतःच्या घरात माणूस वाकत गेलं, ते मात्र त्याच्या नजरेस कधी पडलं नव्हतं. संध्याकाळी तो एवढंच म्हणाला, "आजपासून सगळ्यांनी कळशीतलं प्यायचं."

आणि सगळे प्यायलेही. पण पुढच्याच महिन्यात चौकातलं केंद्र बंद पडलं. यंत्रातली पाणी गाळायची जाळी खराब झाली होती. ठेकेदार म्हणाला, वरून मंजुरी नाही. सून गल्लीतल्या बायकांना घेऊन पाणी खात्याच्या कचेरीत गेली.

साहेब उर्मट नव्हता. उर्मट असता तर भांडता तरी आलं असतं.

"ताई, मी खोटं कशाला बोलू?" तो म्हणाला. "राज्यभर हीच रड आहे. पाणी आहे तिथं पाइप नाही, पाइप आहे तिथं पाणी नाही, आणि दोन्ही आहे तिथं तपासायला माणूस नाही. मी वर लिहितो. माझ्या वरचा त्याच्या वर लिहितो."

"तोवर आम्ही काय प्यायचं?"

टेबलावरची आपली पाण्याची बाटली त्यानं तिच्यापुढे सरकवली. ती उन्हातून आली होती, घसा सुकला होता. दोन घोट पिऊन तिनं बूच लावलं आणि विचारलं, "उरलेलं घरी नेऊ का?"

साहेबानं मान खाली घातली.

आता सुनेचा नवरा चार-आठ दिवसांनी सायकलवरून पलीकडच्या गावाहून एक जार आणू लागला. एका जारात पाच माणसं. कोणी नियम काढला नाही, कोणी कोणाला काही बोललं नाही. सासूच आपणहून पुन्हा पिंपातून पेला भरू लागली, आणि ते पाहूनही सगळे गप्प राहिले. सुतारसुद्धा.

एका दुपारी, सगळे जेवायला बसलेले असताना, सुनेनं सासूच्या हातातला पेला काढून घेतला, मोरीत ओतला, आणि कळशीतून भरून पुढे केला.

"आई, आधी तुम्ही."

"वेडी आहेस का? माझं व्हायचं ते झालं," सासू म्हणाली. "त्यांना ठेव. हातापायांनी धड आहेत, त्यांनी तरी धड राहावं."

"घे गं," सुतार म्हणाला. "माझ्यासाठी घे."

सासूनं तोंड घट्ट मिटलं. मार खाणारा माणूस मिटतो तसं.

मग सुनेनं तोच पेला लेकीसमोर धरला. पोरीनं तो दोन्ही हातांनी घेतला, एक घोट घेतला आणि उठून उरलेलं पाणी जपून, एक थेंबही न सांडता, कळशीत परत ओतलं.

"अगं, पी ना सगळं!"

"मला पंपाचं पण चालतं," पोरगी म्हणाली. "बाबा सायकल चालवून दमतात ना."

घरातल्या कोणी तिला हे शिकवलं नव्हतं. तिनं नुसतं पाहिलं होतं. वाचकहो, केंद्राची जाळी आज ना उद्या बदलेल, नळही कधीतरी येतील. त्या नळाचं पहिलं भांडं तुमच्या घरात कोणाच्या हातात जाईल, ते मात्र कुठलाही साहेब वर लिहून कळवणार नाही.

सुनेनं पेला पुन्हा भरला. लेकीला मांडीवर ओढून घेतलं, हनुवटी धरली आणि तो तिच्या ओठांना लावला. पोरगी प्यायली, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. पण आपण कोणाचं तरी चोरून पितोय, अशी हमसून हमसून रडत.