बयाबाईच्या छातीवरचं पिवळं फडकं

आडगाव नाक्यापलीकडच्या लग्नाच्या लॉन्समध्ये त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. नवरानवरीच्या सोफ्यावर कवडीनाथ महाराज बसले होते. समोर झोपलेल्या माणसाच्या पोटावर त्यांनी पिवळं फडकं अंथरलं, तांब्यातलं तीर्थ शिंपडलं आणि बघता बघता फडकं लालभडक झालं.

"बघा, आलं विष वर. दवाखान्याला ते मशीन लावूनही सापडलं नाही. आपलं फडकं लाइट गेली तरी चालतं."

मांडव हसला आणि सगळ्यांनी हात जोडले.

मागच्या गादीवर बयाबाई पडून होती. चांदवडकडची, साठी उलटलेली, जुनी शुगरवाली. मागच्याच महिन्यात नाशकात तिचं बायपास झालं. छातीचं हाड मधोमध कापून तारांनी बांधलेलं. पण वरची जखम भरेना, पाझरू लागली. डॉक्टरांनी परत भरती व्हायला सांगितलं, तर मुलगा गोरक्ष तिला इथं घेऊन आला. इथले नियम कडक. मनगटाला दोरा बांधून संकल्प सोडायचा, इन्शुलिन बंद, आणि महाराज दोरा सोडेपर्यंत मांडवाबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर घरच्या कर्त्या पुरुषावर अरिष्ट येतं.

त्या शेवटच्या वाक्यानं तिला गादीला खिळवून टाकलं होतं. सोमवार, चतुर्थी, एकादशी तिनं जन्मात चुकवली नव्हती. संकल्प कसा मोडणार? अंगात ताप होता. खोकला आला की छातीत हाडावर हाड सरकल्यासारखं कट्‌ वाजायचं.

"गोरक्षा, आत काहीतरी हलतंय रे."

"महाराज म्हणले ना आई, गाठ सुटतीय ती."

"गाठ नाय, हाड सुटतंय," सून तेजल पदरानं वारा घालत पुटपुटली.

"तू गप. तुझ्याच नादानं दवाखान्यात गेलो."

"मग आज आत्या जित्या हायेत त्या कुणाच्या नादानं?"

तेवढ्यात बयाबाईचा नंबर आला. महाराजांनी छातीवरची पट्टी काढून फेकली आणि फडकं अंथरायला घेतलं. तीर्थाचा एक थेंब उघड्या जखमेवर पडला नि ती कळवळली. वास ओळखीचा होता. ओल्या चुन्याचा. फडक्याला हळदीचा. माहेरी हळकुंडं चुन्याच्या निवळीत भिजवून कुंकू करायचे, तोच हा वास. देवीच्या कपाळाचं कुंकू आणि हा माणूस ते रोग्यांच्या जखमांवर खेळवतोय, या विचारानं तिला रडू आलं. ते गिळून ती हळूच म्हणाली,

"महाराज, माझ्या आधी तुमच्यापुढच्या कलशावरच्या नारळाला घाला फडकं. देवाचा मान पहिला."

"त्याची गरज नाही, माउली."

"देवाच्या मानाची गरज नाय?" तेजलनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

मांडवात कुजबुज झाली. देवाचा मान कोण नाकारणार? तेजलनं महाराजांच्या गठ्ठ्यातलं नवं फडकं नारळावर टाकलं आणि तांब्या वाकडा केला. फडकं लाल झालं.

"नारळाचं बायपास कवा झालं?" मागून कुणीतरी विचारलं.

"त्यानं भक्तांचं विष ओढून घेतलंय," महाराज घाईनं म्हणाले.

"नाय हो," बयाबाई म्हणाली. "हळदीला चुन्याचं पाणी लागलं की ती लालच होते. आमच्याकडं त्याला कुंकू म्हणतात."

गोरक्षनं ते लाल फडकं हातात घेऊन हुंगलं. मग आईसमोर बसून मनगटाचा दोरा तोडायला लागला. तिनं हात मागं ओढला.

"तुझ्यावर येईल रे."

"येऊ दे माझ्यावर. तू चल."

"आजारी माणसाला व्रत माफ असतं, आत्या," तेजल म्हणाली. "तुम्हीच सांगता सगळ्यांना."

बयाबाईनं हात पुढं केला.

दवाखान्यात कळलं, छातीच्या तारा सैल झाल्या होत्या आणि हाडाखाली पू साचला होता. "शुगर वाढली की जखमेतले जंतू माजतात आणि नवं मांस धरत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "छातीत वाजलं, पाझरलं, ताप आला, की त्याच दिवशी यायचं." पुन्हा ऑपरेशन झालं. इन्शुलिन सुरू झालं. जखम भरली, पण फार सावकाश, रोजच्या ड्रेसिंगनं.

बायांनो, व्रत करा, दिवा लावा, ही गोष्ट सांगणारी मीही लावते. पण तुमच्या माणसाची जखम झाकून तिच्यावर कुणी रंग दाखवू लागला, तर भीड न धरता विचारा की हा रंग आला कुठून. विचारल्यानं कोपेल तो देव नव्हे. आणि उत्तराची वाट बघत तिथं बसू नका, आधी दवाखाना गाठा.