उजवी टाच

बाईंनी कागदांची चळत एका हातात धरली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फर्रकन सोडली. कागदावरची टपालवाली चालू लागली. सोळा चित्रं, दोन पावलं.

"बघितलंत ना काकू? उजवी टाच टेकतच नाही," यादीवाली म्हणाली.

ॲनिमेशन स्टुडिओला कुलूप लागणार होतं. आजवर निघालेले सिनेमे आणि टीव्हीवरच्या मालिका, सगळ्यांची यादी करायचं काम या पोरीच्या गळ्यात पडलं होतं. पात्रांच्या चालण्याची चित्रं काढणारा माणूस वर्षभरापूर्वी वारला, म्हणून तिने त्याच्या बायकोला बोलावलं होतं. अडचण साधी होती. सिनेमा असो की मालिका, कोणी ना कोणी असंच टाच उचलून चालायचं. जुन्या लोकांना विचारलं तर ते हसले, म्हणाले, त्याचा हातच तसा वळलेला. यादीत 'दोष' असा रकाना होता. तिथे हे लिहावं का, एवढंच तिला विचारायचं होतं.

अशी चालणारी बाईंनी जन्मात एकच पाहिली होती, त्यांची लेक. ती सहा वर्षांची होऊन तापाने गेली, त्याच्या चौथ्या दिवशी नवरा डबा घेऊन कामावर गेला. नंतर घरात त्याने तिचं नाव काढलं नाही. तुमचं काळीज दगडाचं आहे, असं बाई त्याला एकदा म्हणाल्या आणि मग वर्षानुवर्षं म्हणत राहिल्या. त्याने कधी हूं की चूं केलं नाही. दवाखान्यात शेवटच्या दिवशीसुद्धा त्या त्याच्याशी कामापुरतंच बोलल्या होत्या.

त्यांना आधी रागच आला. मेल्या माणसाला घरी येऊन सांगायला काय झालं होतं?

टेबलावर अशा चालीचे गठ्ठे होते, उजवीकडे सिनेमांचे, डावीकडे मालिकांचे. बाईंनी ते सगळे एकत्र केले.

"अहो काकू, दोन दिवस लागलेत मला ते वेगळे करायला."

"सालं सांग मला. सालाप्रमाणे लावू."

सगळ्यात जुनं एका मालिकेतलं कोंबडीचं पिल्लू निघालं. दोन पावलं टाकून मध्येच उडी मारणारं. मग सिनेमातला राजपुत्र, एकदम उंची वाढल्यासारखा, खांदे चोरून चालणारा. मग ती टपालवाली, लांब ढांगांची, कुठेतरी वेळेवर पोहोचायचं असलेली. प्रत्येकाची उजवी टाच वर.

शेवटचा गठ्ठा सिनेमातल्या अस्वलिणीचा. बाईंनी तो सोडला आणि त्यांचा हात थांबला. अस्वलीण एक हात कमरेवर ठेवून, जरा मागे रेलून, जपून पाऊल टाकत होती. दिवस भरत आलेल्या बाईसारखी. तो कमरेवरचा हात बाईंच्या ओळखीचा होता. लेक पोटात असताना त्या अशाच चालायच्या, आणि नवरा मागून बघत यायचा. बाईंना तिथेच खुर्चीत रडू कोसळलं.

यादीवालीने पाणी आणून दिलं. बऱ्याच वेळाने तिने हळूच विचारलं, दोषाच्या रकान्यात काय लिहू.

"दोष खोड. तिथे वय लिही. पिल्लाला सात, राजपुत्राला बारा, टपालवालीला बावीस."

"वय? कोणाचं?"

"आमच्या लेकीचं."

तिने रकान्याचं नाव खोडलं आणि सांगितलेले आकडे एकेक करून लिहिले.

"आणि अस्वलिणीला?"

बाईंनी सालावरून बोटांवर हिशोब केला.

"अठ्ठावीस," त्या म्हणाल्या आणि तो गठ्ठा त्यांनी पुन्हा हातात घेतला. या वेळी कागद त्यांनी सावकाश सोडले.