शेवटच्या पानावरची तीन छिद्रे

संशय घेणाऱ्याला पुरावा लागत नाही. ज्याच्यावर तो घेतला जातो, त्याला मात्र जन्मभर पुरावा शोधावा लागतो. हे ज्याने बालपणीच सोसले, त्याने तरी दुसऱ्याकडे निर्मळ दृष्टीने पाहावे, अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात बहुधा उलटेच घडते.

गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल बब्रुवान त्या दुपारी कपाटाआड उभे राहून हमिदाबींवर पाळत ठेवून होते. सत्तरीच्या या बाई महिनाभर दर गुरुवारी बेंबळीहून बसने येत. जुन्या कादंबऱ्या एकामागून एक काढायच्या, प्रत्येकीचे केवळ शेवटचे पान अंगठ्याने चाचपायचे, पुन्हा जागी ठेवायच्या. त्यांतली एखादीच घेऊन वाचत बसायचे. काल बब्रुवानांनी ती पुस्तके तपासली. बहुतेकांच्या शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात तीन बारीक छिद्रे होती.

ती छिद्रे त्यांना चांगलीच ठाऊक होती. दहा वर्षांचे असताना शाळा सुटली की ते याच खोलीत, खिडकीखालच्या बाकावर, दिवेलागणीपर्यंत वाचत बसत. एके दिवशी तेव्हाचे ग्रंथपाल कल्याणप्पा यांना अशीच छिद्रे दिसली, आणि दुर्दैवाने बब्रुवानच्या खिशात बाभळीचा काटा निघाला. सकाळी चपलेतून उपसलेला काटा तो. पण ऐकतो कोण! सभासदांच्या वहीतले त्याचे नाव लाल शाईने कापले गेले. वडिलांनी भर चौकात मुस्काटात दिली आणि पुढे मरेपर्यंत मुलगाच दोषी असे मानले.

आज सत्तेचाळीस वर्षांनी गुन्हेगार समोर बसला होता. हिचे नाव आपण लाल शाईनेच कापायचे, असे बब्रुवानांनी ठरवले होते.

हमिदाबींनी पुस्तक वाचून संपवले आणि पिशवीतून सुई काढली.

"चाची! काय करायलात?"

सुई खाली पडली. "या अल्ला! जीव गेला की माझा. हळू वरडा की सर."

"पुस्तकाला भोकं पाडायलात? आजची न्हाय, लई वर्सांची हायत ही. तुमीच ना?"

"व्हय, म्याच," त्या सहज म्हणाल्या.

नकार ऐकण्याच्या तयारीत असलेले बब्रुवान गोंधळले. "कशापायी?"

"समोर आमच्या मालकांचं दुकान व्हतं, फकरुद्दीन टेलर. मला वाचायचा लई नाद, पर घराबाहेर पडायची सोय न्हवती. मालकच पुस्तक आणायचे. अन् त्येंना तर अक्षर वळखू येत न्हवतं. एकच भुताची गोष्ट तीनदा आणली बगा! चवथ्यांदा आणली आसती तर भूतच म्हणलं आसतं, आता पुरे." त्या हसल्या. "मंग वाचून झालं की म्या टोचायची. ते इथं उभं राहून अंगठा फिरवायचे. गुळगुळीत लागलं, की तेच आणायचे."

"अन् आता?"

"मागल्या साली गेले ते. ऱ्हायलेली तेवढी वाचून टाकावी म्हणलं." मग त्या ओशाळल्या. "हाताची सवय हो. कुणाला तरास झाला का ह्याचा?"

उत्तर सत्तेचाळीस वर्षे तयार होते. ते ओठांपर्यंत आले. पण ते ऐकायला हवे होते ते दोघेही, कल्याणप्पा आणि वडील, या जगात नव्हते. आणि समोरच्या बाईपाशी नवऱ्याची एवढीच आठवण उरली होती.

"न्हाय चाची," बब्रुवान म्हणाले. "कुणाला न्हाय."

"मंग भोकं पाडली म्हणून नाव कापता का माझं?"

"कशाला कापू? पर आता टोचू नका. वाचलेलं मला सांगत जा, मी लिहून ठेवतो."

त्यांनी वाकून सुई उचलली आणि हमिदाबींच्या तळहातावर ठेवली. मग वरच्या फळीला त्यांचा हात पुरायचा नाही म्हणून स्टूल ओढले, वर चढले आणि एकेका पुस्तकाच्या शेवटच्या पानावरून आपला अंगठा सावकाश फिरवू लागले.

ज्यांनी शिक्षा केली, ज्यांनी ती सोसली आणि ज्यांना ती कधी कळलीच नाही, त्या सर्वांना शांती लाभो.