नळी मुरेपर्यंत

"एक झाली. आता बंदूक खाली ठेव आन चिंधी घाल," नूरचाचा म्हणाले.

मी बंदुकीच्या मागचा बोल्ट काढला, नळी पुसायच्या गजाच्या टोकाला पांढरी चिंधी लावली आणि मागच्या बाजूने नळीत सारली. पुढच्या तोंडातून ती बाहेर पडली.

"रंग सांग."

"काळा. चाचा, दर गोळीला पुसत बसलो तर इथंच संध्याकाळ होईल."

"हू दे की. सांज काय वडगाव सोडून पळून चाललीया?"

वडगाव मावळच्या बाहेर टेकडीच्या पायथ्याशी आमच्या रायफल क्लबची पत्र्याची शेड आहे. नूरमहंमद तिथले कारागीर. चाळीस वर्षं बंदुका उघडण्यात आणि जोडण्यात गेली. मी तहसील कचेरीत कारकून, राहायला वराळ्यात, वय बत्तीस. पंधरा दिवसांवर राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. पुढच्या वर्षी मला कुणी विचारणार नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. जुनी नळी झिजली म्हणून अकरा महिने वाट पाहून नवी मागवली होती आणि चाचांनी ती आदल्या दिवशी बसवली होती.

टेबलावर काडतुसांचे पाच लॉट मांडले होते. कंपनी एकच, पण दर लॉट सुताएवढा वेगळा निघतो. आपल्या नळीला कुठला मानवतो, ते मारून पाहिल्याशिवाय कळत नाही. विक्रेत्याने पाच वाजेपर्यंत लॉट कळवायला सांगितलं होतं. नंतर ते दुसऱ्या कुणाकडे जाणार होते. आणि चाचांचं म्हणणं असं, की नळी आतून गुळगुळीत होईपर्यंत एक गोळी, एक चिंधी. त्याआधी लॉट तपासले तर नळी खोटं बोलते.

चौदाव्या गोळीला चिंधी जवळजवळ पांढरी आली. घड्याळात दीड वाजला होता.

"झालं! घेते पहिला लॉट," मी म्हणाले.

चाचांनी माझ्या हातून गज घेतला, नवी चिंधी लावली आणि मान वाकडी करून तो सावकाश सरकवला.

"न्हाई. म्होरल्या तोंडापासनं चार बोटं आत कायतरी हाय. थोडकंच हाय, पर गोळीचं शिसं तितं बसतंय."

मी नळीत बॅटरी धरून डोळा लावला. सगळं आरशासारखं लखलखत होतं. पोटात भूक, डोक्यात पाच वाजलेले. मी फटकन बोलून गेले, "चाचा, मला काही दिसत नाही. तुम्हाला तरी दिसतंय का?"

"न्हाई दिसत," ते अगदी सहज म्हणाले. "उजवा डोळा गेल्या साली गेला. डाव्यात आता निस्तं ऊन आन सावली."

सकाळपासून ते रंग विचारत होते आणि हे आपल्याला शिकवताहेत, असं मी समजत होते. कालची नळी? तीही अशीच बसवली होती?

"सांगितलं का नाहीत?"

"कुणी इचारलंच न्हाई." ते हसले. "आता डोळं मीट. गज धर, दाबू नगो. नळीच सांगंल."

मी डोळे मिटले. गज सरकत गेला. काहीच नाही. परत. काहीच नाही. चौथ्या खेपेला टोकाजवळ हाताला जरासं काही लागलं. रफू केलेल्या कापडावरून बोट फिरवताना लागतं, तितकंच.

"हे?"

"व्हय. त्येच."

बारा वर्षं मी बंदूक खांद्याला लावत होते आणि तिच्या पोटातलं एवढंसं मला कधी कळलं नव्हतं. या माणसाला ते अंधारात कळत होतं.

मग मी घड्याळाकडे पाहिलंच नाही. एक गोळी, एक चिंधी. विसाव्या गोळीला तो अडथळा पुसट झाला. चोविसाव्याला मी मिटल्या डोळ्यांनी शोधत राहिले आणि सापडेना. गज चाचांकडे दिला. त्यांनी एकदाच सरकवला.

"आता मार."

पहिल्या लॉटच्या दहा गोळ्या विखुरल्या. दुसरा बरा. तिसऱ्याची पहिली गोळी गेली, दुसरी तिच्याच भोकातून गेली, तिसरीही. दुर्बिणीतून पन्नास मीटरवर एकच भोक दिसत होतं. उरलेले दोन लॉट मारले ते केवळ रीत म्हणून. पाचला दहा मिनिटं कमी असताना विक्रेत्याला फोन केला, तिसऱ्या लॉटचा नंबर सांगितला आणि तिसऱ्या लॉटचा लक्ष्याचा कागद काढून धावतच चाचांकडे आणला.

"चाचा, एकच भोक! दहाच्या दहा!"

त्यांनी हात पुढे केला. मी त्यांचं बोट भोकावर ठेवलं. बोट कडेकडेने फिरलं, एकदा, दोनदा, आणि डावीकडे थांबलं.

"नऊ," ते म्हणाले. "धावी हितं जरा भाईर गेली. नळीचा दोष न्हाई. हासलीस का गं तवा?"

मी कागद उजेडात धरला. डाव्या कडेला मोहरीएवढा फुगवटा होता. दहावी गोळी सोडताना मी खरंच हसत होते.