फरशीला मार

गार्गी पडली की प्रताप नगरच्या त्या घरात आधी फरशीला मार बसायचा. दीप्तीच्या सासूबाई, यमुताई, दणादण थापा मारत म्हणायच्या, "हात् वं फरशी! आमच्या गार्गीले पाडतं?" तीन वर्षांची गार्गी डोळे पुसत हसायची. दीप्तीला ते खटकायचं. लेकरू भलंबुरं पोटातूनच घेऊन येतं की आपण शिकवतो, यावर तिनं दिवस गेल्यापासून काय काय वाचलं होतं. पण सासूबाईंना कोण सांगणार?

त्या दिवशी गार्गीनं पलंगावरून उडी मारली आणि तोंडावर आपटली. ओठ फुटला. शेजारी अबोली उभी होती. ही कामाला येणाऱ्या सरिताची मुलगी, चार वर्षांची. अंगणवाडीला सुट्टी म्हणून आईसोबत आलेली.

फरशीला मारून झालं, पलंगाला मारून झालं, तरी गार्गीचं रडं थांबेना.

"काहून वं, या पोरीनं ढकललं का तुले?" यमुताईंनी विचारलं.

भांडी टाकून सरिता धावत आली. काही न विचारता तिनं अबोलीच्या पाठीत दोन धपाटे घातले. "पाह्य गार्गी, मारलं तिले. चूप हो बरं आता."

गार्गी चूप झाली, पण हसली नाही. अबोलीकडे बघत राहिली. मग ओठावरचा रुमाल सारून म्हणाली, "तिनं नाही पाडलं. मीच उडी मारली."

दीप्तीनं ती उडी दारातून पाहिली होती. रक्त दिसल्यावर तिनं धावत येऊन ओठावर रुमाल दाबला होता, पण उडीचं काही सांगितलं नव्हतं. आताही ती एवढंच म्हणाली, "बोलू नको बेटा, ओठ दुखेल."

काम आटोपून सरिता निघाली, तेव्हा दीप्ती जिन्यापाशी गेली. "सरिता, अबोलीनं नव्हतं ढकललं गं."

"मले ठाऊक हाय ना ताई. कोणाले हात नाही लावत ते."

"मग मारलंस कशाला?"

"गार्गी चूप होऊन नव्हती राहिली ना." सरितानं चपला पायात सरकवल्या. "आन् तुमच्या सासूबाई पाहून राहिल्या होत्या माह्याकडं."

दीप्तीनं अबोलीपुढे बिस्किटाचा पुडा धरला. पोरीनं हात मागे घेतला आणि मान वर करून तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. उडीच्या वेळी दारात कोण उभं होतं, ते तिनंही पाहिलं होतं.