तेलाची बाटली गाडीत राहिली

माझ्या धाकट्या पोरानं पहिल्यांदा त्याला घरी आणलं तेव्हा मला वाटलं, कोणीतरी दारात कपाट आणून ठेवलंय. घरातला उजेडच गेला. मग कपाट वाकलं, बूट काढून भिंतीशी नीट ठेवले आणि म्हणालं, "मावशी, आत येऊ का?" मी म्हटलं, "मावशी नंतर म्हण, आधी दारातून बाजूला हो. मला काही दिसत नाहीये."

तेव्हापासून त्याचं नाव कपाट. जगासाठी तो ट्रक ओढणारा, दगड उचलणारा, पोस्टरवरचा बलदंड गडी असेल, माझ्या घरी कपाटच. माझ्या दोन खुर्च्या त्यानं मोडल्या आणि तिसरीवर बसायची त्याची हिंमतच झाली नाही. तो आपला भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसतो आणि जेवतो, जेवतो, जेवतच राहतो. एकदा वैतागून विचारलं, "अरे, तू जेवतोस की गोदाम भरतोस?" तर म्हणाला, "मावशी, उद्या ट्रक आहे ना." घ्या!

माझा धाकटा बरोबर उलट. चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, आणि अंगानं असा की फुंकर मारली तर उडेल. दोघं रस्त्यानं निघाले की लोक माना वळवून बघतात. बघेनात का! मी लाँड्रीवाली बाई, उभा जन्म लोकांच्या चादरी धुण्यात गेला. कोणाच्या घरात काय चालतं ते मला कोणी सांगावं लागत नाही, त्यामुळे मला कोणी शहाणपणही शिकवायला येऊ नये.

आणि लपवाछपवी कपाटाच्या रक्तातच नाही. तो देशात पहिला आला त्या वर्षी टीव्हीवाल्यानं माइक पुढे केला, "या यशाचं श्रेय कोणाला?" यानं घाम पुसत बोट दाखवलं. "तो तेलाची बाटली घेऊन उभा आहे ना, त्याला. आम्ही एकत्र राहतो. माझा नवरा म्हणा हवं तर." झालं! प्रोटीनच्या डब्यावरून त्याचा फोटो गेला. स्पर्धांची बोलावणी थांबली. गर्दीतून कोणीतरी बायकी आवाज काढायचं, मग हा हसून म्हणायचा, "वर ये की. हा दगड उचल आणि याच आवाजात बोलून दाखव." एकाचीही छाती झाली नाही. बोलावणी हळूहळू परत सुरू झाली. न बोलावून करतात काय, असा दुसरा आणणार कुठून?

एक माणूस तेवढा परत आला नाही. त्याचा बाप.

बाप मालधक्क्यावरचा हमाल. दोन-दोन पोती एकदम उचलायचा म्हणे. कपाटाला पहिलं पोतं त्यानंच उचलायला शिकवलं, पाठ नाही वाकवायची, गुडघे वाकवायचे. ती मुलाखत तो धक्क्यावरच बघत होता, सगळ्या हमालांना जवळ बसवून, "आता बघा, माझं नाव घेतो की नाही" असं म्हणत. पोरानं घेतलं दुसऱ्याचंच नाव. तेसुद्धा असं! बापानं फोन करून एवढंच म्हटलं, "मला आधी सांगायला काय झालं होतं? तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." त्यानंतर एक शब्द नाही. कपाट दर महिन्याला फोन करायचं आणि पलीकडून तो उचललाच जायचा नाही.

यंदा कपाटाच्या गुडघ्यानं हात टेकले. ही शेवटची स्पर्धा असं त्यानं जाहीर केलं आणि ती नेमकी बापाच्या गावात निघाली. त्यानं पुन्हा फोन लावला. या वेळी बापानं उचलला. "येईन," म्हणाला, "पण तो तिथे दिसता कामा नये."

कपाटानं हे आम्हाला जमिनीकडे बघत सांगितलं. माझं डोकंच फिरलं. "तो म्हणजे कोण? माझं पोरगं काय चोरीचा माल आहे, लपवून ठेवायला?"

"आई, तू गप बस," धाकटा म्हणाला. "तो किती वर्षं वाट बघतोय हे तुला दिसलंय ना? एक दिवस मी गाडीत बसेन. मरत नाही."

"नको," कपाट म्हणालं. "नाही आले तर नाही आले."

"ते येतायत. तू त्यांना हो म्हण." धाकट्यानं विषयच संपवला. कपाट रडायला लागलं. एवढा मोठा माणूस रडायला लागला की खोलीत बाकीच्यांना जागा उरत नाही. मी उठून भांडी घासायला गेले.

आता प्रश्न आला मदतनिसाचा. स्पर्धेत प्रत्येकाबरोबर एक माणूस मैदानात जातो. पट्टा आवळायचा, पाणी द्यायचं, ओरडायचं. शेवटचा खेळ गोल दगडांचा असतो, एकापेक्षा एक जड दगड उचलून ओट्यावर चढवायचे. दगड निसटू नये म्हणून मनगटापासून कोपरापर्यंत राळेचा लेप लावतात. इतका चिकट की माशी बसली तर तिथेच तिचं घर. त्यात कपाटाला एक खोड. दगड छातीशी आला की हे श्वास सोडायलाच विसरतं. धाकटा नेमक्या त्या क्षणी ओरडतो, "सोड!" आणि दगड वर जातो. आता हे सगळं करणार कोण?

"मी," मी म्हटलं. दोघं माझ्याकडे बघत राहिले. "बघताय काय? ओल्या रजया पिळल्यात मी."

स्पर्धेच्या दिवशी मैदानाबाहेर गाडी लावली. धाकटा आत बसून राहिला आणि त्यानं वर्तमानपत्र उघडलं. उलटं धरलंय हेसुद्धा त्याच्या लक्षात आलं नाही. सामानाची पिशवी माझ्या हातात होती. मी त्यातून तेलाची बाटली काढली आणि हळूच सीटखाली सरकवली. राळ पाण्यानं जात नाही, तेलानंच जाते, हे लाँड्रीवालीला कोणी सांगायची गरज नाही. पुढे काय होणार हे मला ठाऊक नव्हतं. पण माझं पोरगं गाडीत बसणार असेल तर तेलही गाडीत बसेल, एवढं मी ठरवलं.

बापाला मी लांबूनच ओळखलं. कपाटाचीच मान, तशीच खांद्यात बसवलेली. पहिल्या रांगेत, गुडघ्यांवर पंजे ठेवून बसलेला.

कपाटानं दगड चढवले. एक, दुसरा, तिसरा, चौथा. पाचवा छातीपर्यंत आला आणि त्याचे गाल लाल झाले. "सोड!" मी ओरडले. उशीर झाला होता, किंवा घाई, मला काय कळतंय त्यातलं! दगड ओट्याच्या काठाला लागला आणि परत खाली आला. दुसरा नंबर. कपाटानं पट्टा काढला, ओट्यावर ठेवला आणि हात वर केला. सगळं मैदान उभं राहिलं. मी रडले, त्यात काय लाजायचं?

बाप गर्दीतून वाट काढत मैदानात आला. दोघं समोरासमोर उभे. किती वर्षांनी भेटले, आणि म्हातारा म्हणाला काय? "गुडघे उशिरा वाकवलेस."

"हो बाबा."

"चौथा मात्र झकास चढवलास."

"हो बाबा. अहो, हात नका लावू, राळ आहे..."

पण म्हाताऱ्यानं पोराचे दोन्ही हात कोपरापाशी घट्ट धरलेसुद्धा. धरले ते धरलेच. सोडवताना कपाटाच्या हातावरचे केस उपटले गेले आणि तो दुसरीतल्या पोरासारखा कळवळला. बापाचे पंजे काळेकुट्ट, बोटाला बोट चिकटलेलं. "पाणी आणा," तो म्हणाला. कोणीतरी बादली आणली. घासतोय, घासतोय, राळ जास्तच बसतेय. मी गप्प बसले. माझ्या तोंडाला ही सवय नाही, पण बसले.

"मावशी, तेल?" कपाटानं विचारलं.

"अगबाई! गाडीत राहिलं वाटतं."

कपाट माझ्याकडे बघत राहिलं. अंगानं जाड आहे, डोक्यानं नाही. मग ते बापाकडे वळलं. "बाबा, तेल गाडीत आहे. आणि गाडीत तो आहे."

"तू म्हणाला होतास..."

"म्हणालो होतो. सकाळपासून त्याला गाडीत बसवलंय आणि माझीच मला लाज वाटतेय. तुम्ही आलात, मला किती बरं वाटलं ते मला बोलता येणार नाही. पण त्याला लपवून नको. मी त्याला बोलावतोय. तुम्हाला थांबायचं नसेल तर..."

म्हाताऱ्यानं फाटकाकडे बघितलं. मग स्वतःच्या हातांकडे.

"जा की," मी म्हटलं. "पण बसमध्ये ज्याला धराल त्याला घरी घेऊन जावं लागेल."

"तुम्ही कोण?"

"गाडीत बसलाय त्याची आई. म्हणजे तुमची विहीण. हात मिळवला असता, पण मग तुम्हाला आमच्याच घरी राहावं लागेल."

म्हाताऱ्याच्या ओठाचा कोपरा हलला. हसला असं मी म्हणणार नाही. पण तो जागचा हलला नाही. मी फोन लावला.

धाकटा पळत आला, एका हातात बाटली, काखेत अजून ते वर्तमानपत्र. म्हाताऱ्याला बघून जागीच थबकला. त्यानं कपाटाकडे पाहिलं. कपाटानं मानेनं बापाकडे दाखवलं. "आधी त्यांचे."

"काका, हात द्या," धाकटा म्हणाला.

म्हाताऱ्यानं तोंड दुसरीकडे वळवलं आणि हात पुढे केले. धाकट्यानं तेल तळव्यावर घेऊन आधी कोमट केलं, मग एकेक बोट धरून मुळापासून नखापर्यंत चोळलं, फडक्यानं पुसलं, पुन्हा चोळलं. काचा घासतो तसंच, न दाबता. बऱ्याच वेळानं म्हातारा दुसरीकडेच बघत म्हणाला, "त्याची राळ दर वेळी तूच काढतोस?"

"हो."

"ओरडतो?"

"खूप."

"लहानपणी नखं कापतानाही ओरडायचा," म्हातारा म्हणाला, आणि आता त्यानं मान वळवून माझ्या पोराच्या तोंडाकडे पाहिलं.

डाग कधी निघाला हे मला लांबूनही कळतं, त्यावरच पोट भरलंय माझं. म्हाताऱ्याचे दोन्ही हात केव्हाच लख्ख झाले होते. त्यानं मात्र उजवा हात धाकट्याच्या हातातच ठेवला आणि अंगठा पुढे करून म्हणाला, "इथे अजून जरा चिकट लागतंय बघ."

धाकट्यानं पुन्हा तेल घेतलं. मी त्या दिवशी दुसऱ्यांदा गप्प बसले.